गिनेसच्या दानाचा दाखला द्यायचा तर पुरता द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयर्लंडच्या गिनेस घराण्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. देवभीरू कुटुंबाने बिअरच्या धंद्यात कमावलेला पैसा गोरगरिबांसाठी ओतला, आपल्याकडच्या मद्य कंपन्यांनी त्यापासून धडा घ्यावा, असा लेखाचा सूर आहे. दाखला चांगला आहे, पण अर्धाच दिला आहे. ‘धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत’ अशी म्हण आपल्याकडे आहे खरी. गाय दारूच्या गोठ्यातून आली असेल, तर मात्र दात मोजलेलेच बरे.

आधी त्या गोष्टीबद्दल. जिनच्या नादाने उद्ध्वस्त झालेले लोक पाहून तरुण आर्थर गिनेसने देवाला साकडे घातले आणि ‘लोकांच्या अंगी लागेल असे पेय बनव’ असा त्याला कौल मिळाला, असे लेखात म्हटले आहे. ख्रिस्ती प्रवचनांतून आणि व्हॉट्सअॅपवरून ही गोष्ट बरीच वर्षे फिरते आहे. तारखा तिच्या विरोधात जातात. जिनचा कहर झाला तो लंडनमध्ये, आणि १७५१च्या कायद्यानंतर तो ओसरत गेला. आर्थरने डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेट इथली जागा घेतली ती ३१ डिसेंबर १७५९ रोजी, वर्षाला ४५ पौंड भाड्याने, ९,००० वर्षांच्या करारावर. डब्लिनमध्ये जिनपेक्षा व्हिस्कीचे प्रस्थ होते. शिवाय तो सुरुवातीला एल नावाची साधी बिअर बनवत असे. ज्या पोर्टर नावाच्या काळ्या बिअरने घराण्याचे नाव झाले ती १७७०च्या दशकात आली आणि एल पूर्णपणे बंद झाली १७९९ साली. साक्षात्कारच झाला असता तर अंमलबजावणीला चाळीस वर्षे कशाला लागली असती?

चर्चचा आणि या धंद्याचा खरा पहिला संबंध बराच व्यावहारिक आहे. आर्थरचे वडील रिचर्ड हे कॅशेलचे आर्चबिशप आर्थर प्राइस यांच्याकडे जमिनीचा कारभार पाहत. १७५२ साली आर्चबिशप वारले, तेव्हा मृत्युपत्रात त्यांनी बापलेकांना प्रत्येकी १०० पौंड ठेवले होते. तीन वर्षांनी आर्थरने लेक्सलिपला पहिली ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, घेतली.

त्याच्या श्रद्धेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. १७८६ साली डब्लिनमध्ये शब्बाथ शाळा सुरू झाली, त्यात त्याचा पुढाकार होता. मीथ हॉस्पिटलच्या कारभारात तो होता. ‘माझी आशा देवावर’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद घराण्याने धरले. आर्थरच्या एकवीस अपत्यांपैकी दहा जगली. त्यांतला थोरला होझिया धर्मगुरू झाला आणि ब्रुअरी दुसऱ्या मुलाकडे गेली. हा दुसरा आर्थर वडिलांपेक्षाही कडवा इव्हँजेलिकल (बायबलला घट्ट धरणारा प्रॉटेस्टंट) होता आणि त्याच वेळी बँक ऑफ आयर्लंडचा गव्हर्नरही. पहिल्या आर्थरचा धाकट्या फांदीतला नातू हेन्री ग्रॅटन गिनेस नामांकित प्रवचनकार झाला. त्याने १८७३ साली लंडनच्या ईस्ट एंडमध्ये मिशनरी घडवणारी संस्था काढली. तिच्यातून निघालेल्या रीजन्स बियाँड मिशनरी युनियनची माणसे विसाव्या शतकाच्या तोंडावर बिहारच्या चंपारण भागात येऊन काम करू लागली. भारताशी या घराण्याच्या धार्मिक फांदीचा संबंध आहे तो इतका. या फांदीचे काम आणि ब्रुअरीवाल्यांचे ट्रस्ट ही वेगवेगळी प्रकरणे आहेत. लेखात ती एकाच थैलीत घातली गेली आहेत.

‘पौष्टिक पेय’ हा मुद्दाही तपासून घेऊ. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, भरडून ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवतात, म्हणजे पिठूळ भागाची साखर होते. पाणी ७५ अंशांच्या वर गेले की साखर करणारी एन्झाइम्स मरतात, आणि मग घाण्यात नुसती पेज उरते. गाळलेल्या गोड पाण्यात हॉप्स (कडवट चवीची फुले) घालून ते तास-दीड तास उकळतात, थंड करतात आणि यीस्ट लावतात. काळा रंग आणि कडवटसर करपट चव येते ती भाजलेल्या दाण्यामुळे. १८१७ साली डॅनियल व्हीलरने कॉफी भाजण्यासारखा फिरता पिंप वापरून माल्ट भाजण्याचे पेटंट घेतले. त्यामुळे बहुतेक माल फिक्या माल्टचा आणि रंगापुरता थोडा काळा माल, असे मिश्रण परवडू लागले. आज गिनेस बार्ली साधारण २३० अंशांवर भाजते. त्याच्या थोडे पुढे गेले की दाणा पेट घेतो, म्हणून पाण्याचा फवारा तयार ठेवावा लागतो.

उकळण्यामुळे हे पेय दूषित पाण्यापेक्षा सुरक्षित असे, यात तथ्य आहे. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ आली, तेव्हा त्याच रस्त्यावरच्या ब्रुअरीतले कामगार वाचले, याची नोंद डॉ. जॉन स्नो यांनी केली आहे. पण ‘पौष्टिक’ म्हणजे किती? आजच्या गिनेसच्या एका पाइंटमध्ये, म्हणजे ५६८ मिलिलिटरमध्ये, ४.२ टक्के मद्यार्क धरला तर जवळजवळ १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते आणि लोह येते सुमारे ०.३ मिलिग्रॅम. एवढ्या लोहासाठी मूठभर मेथी पुरते. ‘गिनेस तुमच्यासाठी चांगली’ हे वाक्य १९२९ साली कंपनीच्या पहिल्या जाहिरातमोहिमेत आले. धर्मश्रद्धेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पोर्टरबद्दलची एक गोष्ट मात्र दानाशी थेट जोडलेली आहे. एल ताजी विकावी लागे. पोर्टर मोठ्या लाकडी हौदांत महिनोन्‌महिने मुरवता येई, लांब पाठवता येई, आणि जितके प्रचंड हौद तितका दर पिंपामागे खर्च कमी. एवढे भांडवल अडकवून ठेवण्याची ऐपत मोजक्याच घराण्यांची होती. त्यामुळे छोटे ब्रुअर बुडाले आणि मूठभर कुटुंबांकडे राजेशाही संपत्ती गोळा झाली. इंग्लंडातले व्हिटब्रेड, बार्कले, बक्स्टन ही सगळी नावे पोर्टरचीच, आणि त्यांतली बहुतेक क्वेकर, डिसेंटर (दोन्ही चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचे प्रॉटेस्टंट) किंवा इव्हँजेलिकल वळणाची. दारू विकून चर्चच्या पहिल्या रांगेत बसणे त्या काळी कुणाला विसंगत वाटत नसे, कारण इव्हँजेलिकल मंडळींचा राग सुरुवातीला ‘स्पिरिट’वर, म्हणजे जिन-व्हिस्कीसारख्या कडक दारूवर होता. बिअर भाकरीच्या पंगतीत बसे. पूर्ण वर्ज्यतेची चळवळ १८३०च्या दशकात जोर धरू लागली. आयर्लंडात फादर मॅथ्यू यांनी १८३८ साली कॉर्कमधून शपथा द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून ब्रुअरच्या देवभक्तीला पहिल्यांदा उलट प्रश्न विचारले जाऊ लागले.

दोन्ही बाजूंना वचने मिळतात. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले आहे. हबक्कूकच्या दुसऱ्या अध्यायात शेजाऱ्याला पाजून झिंगवणाऱ्याचा धिक्कार आहे. एकाच धर्मग्रंथातून दोन ब्रुअर घराण्यांनी काय काय काढले ते पाहण्यासारखे आहे.

थॉमस फॉवेल बक्स्टन १८०८ साली लंडनमधल्या स्पिटलफील्ड्सच्या ट्रूमन हॅनबरी ब्रुअरीत आला. कामगारांतल्या निरक्षरांना त्याने सहा आठवड्यांची मुदत दिली. तेवढ्यात लिहायला-वाचायला शिकला नाही त्याची नोकरी जाईल, असे बजावले आणि शिकवायला मास्तरही नेमून दिला. कुणालाही काढावे लागले नाही. पुढे ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी संपवणाऱ्या १८३३च्या कायद्यामागे पार्लमेंटात सर्वांत चिवट राहिलेला माणूस तोच. दुसरा फ्रेडरिक चॅरिंग्टन, लंडनच्याच माइल एंडमधल्या ब्रुअरीचा वारस. ‘चॅरिंग्टन’ अशी पाटी असलेल्या गुत्त्याच्या दारात एका बाईने नवऱ्याकडे पोरांच्या भाकरीसाठी पैसे मागितले आणि नवऱ्याने तिला मारून गटारात पाडले, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. साडेबारा लाख पौंडांच्या वारशावर त्याने पाणी सोडले आणि आयुष्य टॉवर हॅमलेट्स मिशनला दिले. मनाने चॅरिंग्टन मोठा, याबद्दल वाद नको. पण त्याच्या जाण्याने घराण्याचा एकही गुत्ता बंद पडला नाही. वाटा भावकीकडे गेला आणि पाटी तशीच राहिली. बक्स्टन धंद्यात राहिला, म्हणून त्या सहा आठवड्यांच्या शाळेला धाक होता. आपल्या लेखात फक्त गिनेस आहे, चॅरिंग्टनचे नावसुद्धा नाही. ही उणीव मोठी आहे, कारण ‘धंदा करून दान’ हा ख्रिस्ती माणसापुढचा एकमेव पर्याय कधीच नव्हता.

आता मूळ विषय, पैसा. दुसऱ्या आर्थरचा मुलगा सर बेंजामिन ली गिनेस याने १८६० ते १८६५ या काळात डब्लिनचे सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल स्वतःच्या खिशातून, सुमारे दीड लाख पौंड घालून, दुरुस्त केले. अट एकच, काम कसे करायचे हे तोच ठरवणार. जुन्या वास्तूंच्या जाणकारांनी तेव्हाच नाके मुरडली होती, कारण जुने काय आणि नवे काय याचा हिशोब त्या कामात राहिला नाही. छप्पर मात्र वाचले. त्याचा थोरला मुलगा लॉर्ड अॅर्डिलॉन. त्याने आपला वाटा धाकट्या भावाला विकला, सेंट स्टीफन्स ग्रीन हे तोवर कुलूपबंद असलेले उद्यान स्वखर्चाने सजवले आणि १८८० साली लोकांसाठी उघडून दिले. इथपर्यंत सगळे जुन्या वळणाचे दान आहे: एक दाता, एक इच्छा, एक इमारत.

धाकटा एडवर्ड सेसिल, पुढचा लॉर्ड आयव्हा, याने पद्धत बदलली. १८८६ साली त्याने कंपनीचे शेअर बाजारात आणले, ६० लाख पौंडांना. १८९० साली अडीच लाख पौंड बाजूला काढून गिनेस ट्रस्ट केला, दोन लाख लंडनसाठी आणि पन्नास हजार डब्लिनसाठी. डब्लिनचा भाग १९०३च्या कायद्याने आयव्हा ट्रस्ट म्हणून वेगळा झाला. लंडनच्या पहिल्या तीन विश्वस्तांतले लॉर्ड रोटन हे पंतप्रधान डिझरायलींचे एकेकाळचे सचिव. यांपैकी कुणीही ब्रुअरीचा नोकर नव्हता.

हा पैसा वाटला नाही, घरांत गुंतवला. ट्रस्टने जमीन घेतली, चार-पाच मजली विटांच्या इमारती बांधल्या आणि एका खोलीचे, दोन खोल्यांचे गाळे आठवड्याच्या भाड्याने दिले. भाडे बाजारापेक्षा कमी ठेवले, पण फुकट कुणालाच दिले नाही. भाड्यातून दुरुस्ती, रखवालदार आणि पाणी भागल्यावर उरेल ते नव्या इमारतीत. म्हणजे मूळ रक्कम ही गंगाजळी, आणि तिच्यावर कुणाचा लाभांश नाही. त्या काळी लंडनमध्ये ‘पाच टक्के परतावा’ देणाऱ्या परोपकारी गृहनिर्माण कंपन्यांची चलती होती. त्यांत भागधारकाला पाच टक्के देण्यासाठी भाडे चढे ठेवावे लागे आणि घरे शेवटी कुशल कारागिरांनाच मिळत. गिनेस ट्रस्टने ती पाच टक्क्यांची कात्री काढली. म्हणून १८९०चे दोन लाख आजही जिवंत आहेत. त्या ट्रस्टची वारसदार संस्था आज इंग्लंडात साठ हजारांवर घरे सांभाळते.

दोष इथेही होताच. भाडे आठवड्याचे आणि वेळच्या वेळी द्यायचे. गोदीवर आज काम, उद्या नाही अशा हमालाला ते जमेना. त्यामुळे गरिबांतल्या अगदी तळातल्या माणसाच्या हाती काही लागले नाही. डब्लिनच्या बुल अॅली भागात जुनी वस्ती पाडून सुंदर इमारती उभ्या राहिल्या, पण पाडलेल्या खोल्यांतले सगळे नव्या गाळ्यांत आले नाहीत. पुष्कळजण बाजूच्या पडक्या वाड्यांत सरकले. १९१४च्या सरकारी चौकशीत डब्लिनमध्ये २५ हजारांवर कुटुंबे अशा वाड्यांत राहत होती आणि त्यांतली वीस हजारांवर एकेका खोलीत. आयव्हा ट्रस्टचे काम या आकड्यापुढे समुद्रात पसाभर होते. मुंबईतल्या बीडीडी चाळींची १६० चौरस फुटांची खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना ‘एक खोली, एक कुटुंब’ म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

ब्रुअरीच्या आतला भाग माझ्या मते दानाच्या इमारतींपेक्षा मोलाचा आहे आणि लेखात त्याला दोनच ओळी मिळाल्या आहेत. कंपनीचे वैद्यकीय अधिकारी डॉ. जॉन लम्सडेन यांनी १९००च्या सुमारास कामगारांच्या १,७०० हून अधिक घरांना भेटी दिल्या. खोलीत माणसे किती, शौचकूप कितीजणांत एक, उजेड येतो का, चूल कुठे, क्षयाचा रोगी आहे का, हे सगळे नोंदवले. त्यांच्या शिफारशी छोट्या आणि नेमक्या होत्या: स्वस्त पण पोटभरीचे जेवण शिकवणारे वर्ग, आयांसाठी व्याख्याने, प्रथमोपचाराचे शिक्षण. त्या प्रथमोपचाराच्या वर्गातूनच १९०३ साली आयर्लंडातली सेंट जॉन अॅम्ब्युलन्स ब्रिगेड उभी राहिली. कामगारांना दवाखाना होता, निवृत्तिवेतन होते, विधवांना मदत होती, मजुरी शहरातल्या सर्वसाधारण मजुरीपेक्षा जास्त होती. पहिल्या महायुद्धात आठशेच्या आसपास कामगार सैन्यात गेले. त्यांची नोकरी राखून ठेवली गेली आणि घरी अर्धा पगार जात राहिला. आणि हो, प्रत्येक कामगाराला रोज दोन पाइंट बिअर फुकट! डॉक्टर क्षयाच्या नोंदी करतो आहे आणि कंपनी माप भरून देते आहे. या विसंगतीवर डब्लिनकरांनी भरपूर विनोद केले असतील.

एक बाब वसईसारख्या कॅथलिक वस्तीतल्या वाचकाला खटकल्याशिवाय राहत नाही. पहिला आर्थर कॅथलिकांना नागरी हक्क मिळावेत या मताचा होता, त्याच्या मुलानेही तीच बाजू घेतली. पण ब्रुअरीत हमाल, गाडीवान, पिंपवाले कॅथलिक आणि वरच्या टेबलावर प्रॉटेस्टंट, ही रचना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. शहरात बहुसंख्य कॅथलिक असताना वरिष्ठ ब्रुअर मात्र ऑक्सफर्ड-केंब्रिजहून आणले जात. त्यांत गुणवत्ता नव्हती असे नाही. १८९९ साली ऑक्सफर्डहून आलेल्या विल्यम गॉसेटने बार्ली आणि यीस्टच्या चाचण्या करता करता ‘स्टुडंट’ या टोपणनावाने जी संख्याशास्त्रीय पद्धत १९०८ साली मांडली, ती आज आपल्या कृषी विद्यापीठांत रोज वापरली जाते. पण घर देताना धर्म न पाहणारी ही मंडळी बढती देताना तो पाहत. विश्वासाचे गोडवे गाताना हे वगळले तर लेख एकतर्फी होतो.

दानाचे पुढे काय बिघडते, याचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे फ्रान्सिस स्ट्रीटवरचे आयव्हा मार्केट. सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलच्या अवतीभवती रस्त्यावर बसणाऱ्या जुन्या कपड्यांच्या आणि मासळी-भाजीच्या विक्रेत्यांना उठवले, तर त्यांना बसायला जागा हवी म्हणून लॉर्ड आयव्हाने १९०६ साली ते बांधून दिले. कोरडा बाजार वेगळा, ओला वेगळा. जुन्या कपड्यांतून रोग पसरू नये म्हणून वाफेने निर्जंतुक करायची सोय इमारतीतच. विक्रेत्याच्या दृष्टीने याहून बारकाईने विचार केलेले दान क्वचित सापडेल. बांधून झाल्यावर इमारत पालिकेच्या ताब्यात दिली. बाजार बंद झाला तर जागा घराण्याकडे परत, अशी अट कागदात होती. पण रोजच्या दुरुस्तीसाठी वेगळा निधी नव्हता. १९९०च्या दशकात बाजार बंद पडला, इमारत विकासकाकडे सोपवण्याचा व्यवहार झाला, तो वर्षानुवर्षे रखडला आणि छप्पर गळू लागले. डिसेंबर २०२० मध्ये आजच्या लॉर्ड आयव्हाने ती जुनी अट काढून थेट कुलपे बदलली. मग कोर्टकज्जे. त्याच माणसाच्या पैशातून, त्याच दशकात, त्याच मोहल्ल्यात उभ्या राहिलेल्या ट्रस्टच्या इमारतींत मात्र आज लोक राहताहेत. फरक एवढाच की तिथे भाडे येत होते आणि विश्वस्त बांधलेले होते. इथे इमारत होती आणि मालक बदलता होता.

आता आपल्याकडे या. ज्या डियाजिओ कंपनीत १९९७च्या विलीनीकरणानंतर गिनेस जमा झाली, तिच्याच ताब्यात आज भारतातली युनायटेड स्पिरिट्स आहे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी कुठल्याही एका रेषेवर पोचतो, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. म्हणजे आपल्या लेखकाने ज्याला ‘धडा’ म्हटले आहे, त्याची सक्ती मद्य कंपन्यांवर आधीपासून आहे. गिनेसशी तुलना करायची तर या कायद्याच्या बारीक अक्षरांत शिरावे लागेल.

पहिली गंमत अशी की डॉ. लम्सडेन यांनी केले ते आज या दोन टक्क्यांत धरलेच जाणार नाही. फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च नियमाने वगळला आहे. ते योग्यही आहे, नाहीतर प्रत्येक कँटीन दानात जमा झाले असते. पण परिणाम असा की कंत्राटी कामगाराला निवृत्तिवेतन देण्यापेक्षा लांबच्या गावात फलक लावून पाणी शुद्ध करायचे आर.ओ. यंत्र बसवणे ताळेबंदात शोभून दिसते. त्या यंत्राचे पुढे काय होते, हे ग्रामपंचायतीत बसणाऱ्या कुणालाही विचारा. आर.ओ.चे मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, दोन-तीन वर्षांत बदलावे लागते, आधीची गाळणी त्याहून लवकर. उद्घाटनाच्या खर्चात ते धरलेले नसते. वीजबिल थकते, यंत्र बंद पडते आणि फलक तेवढा चकचकीत राहतो.

दुसरी गोष्ट मालकीची. २०२१च्या सुधारित नियमांनुसार या निधीतून उभी केलेली स्थावर किंवा कायम मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत न्यासाकडे, लाभार्थ्यांच्या संस्थेकडे किंवा सरकारी यंत्रणेकडे द्यावी लागते. महाराष्ट्रात न्यासाकडे दिली तर सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा १९५० लागू होतो. मालमत्ता नोंदवहीत चढवण्यासाठी बदल अर्ज ९० दिवसांत करायचा, दरवर्षी हिशेब तपासणी द्यायची, आणि कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय इमारत विकता किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने देता येत नाही. डब्लिनच्या बाजारावर असा पहारा असता तर विकासकाचा व्यवहार इतक्या सहज झाला नसता. आपल्याकडे कायदा आहे, पण बदल अर्जच वर्षानुवर्षे दिला जात नाही. मग देणगीतली इमारत कागदावर कुणाचीच नसते आणि विश्वस्तांच्या पुढच्या पिढीत भांडण उभे राहते. वसईपासून गोव्यापर्यंत चर्चच्या, देवळांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या विश्वस्तांना हे ऐकीव नाही.

तिसरे, व्यवस्थापन खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ज्या कंपनीची या खर्चाची सरासरी जबाबदारी दहा कोटींच्या वर आहे तिने एक कोटीच्या वरच्या प्रकल्पांचे त्रयस्थाकडून मूल्यमापन करून घ्यायचे आहे. हे अहवाल कंपनीच्या वार्षिक अहवालाला जोडावे लागतात. म्हणजे ते उघड आहेत. आपल्या पुरवणीच्या लेखकाला मद्य कंपन्यांच्या दानावर लिहायचे असेल, तर १७५९च्या दंतकथेपेक्षा हे कागद उघडणे सोपे होते.

त्यात काय पाहायचे तेही सांगतो. देणगीत इमारत की चालवण्याचा खर्च? ताबापत्र कुणाच्या नावे? निर्णय घेणाऱ्या विश्वस्तांत कंपनीच्या पगारावरचे किती? आणि व्यसनमुक्ती केंद्राला पैसे दिले असतील, तर केंद्रात कुणाला घ्यायचे यावर देणाऱ्याचा काही शब्द चालतो का? गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, चंद्रपूरची २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ साली उठली, आणि गावोगाव बायका ‘आडवी बाटली’वर मते मागत हिंडल्या आहेत. त्या बायकांच्या गावात मद्य कंपनीने बांधलेली अंगणवाडी स्वीकारावी की नाही, हा निर्णय ग्रामसभेचा असायला हवा, कंपनीच्या समितीचा नव्हे. आयर्लंडात स्वतः कंपनीने २००९पासून संस्थापकाच्या नावाने दरवर्षी साजरा केलेला ‘आर्थर्स डे’ पिण्याला उत्तेजन देतो म्हणून टीका इतकी वाढली की पाच वर्षांत तो बंद करावा लागला. त्या दिवसाच्या नावाखाली सामाजिक निधीही काढलेला होता.

पुढच्या एखाद्या रविवारी या विषयाचा दुसरा भाग येणार असेल, तर महाराष्ट्रात कारखाने असलेल्या मद्य कंपन्यांच्या गेल्या तीन वर्षांच्या प्रकल्पांची यादी, ठिकाण, रक्कम आणि मालमत्ता आज कुणाच्या नावे आहे, एवढे छापावे. जागा कमी पडली तर आर्थरची प्रार्थना गाळली तरी चालेल.

आपला,
एक वाचक, वसई

ता. क. लेखासोबत ‘गिनेसने जीर्णोद्धार केलेले कॅथीड्रल’ म्हणून जो फोटो छापला आहे तो सेंट पॅट्रिक्सचा नाही, क्राइस्ट चर्चचा आहे. रस्त्यावरून जोडलेली कमान दिसते, त्यावरून ओळखता येते. त्याचा जीर्णोद्धार १८७०च्या दशकात हेन्री रो या व्हिस्कीवाल्याने केला आणि त्याला दोन लाख तीस हजार पौंडांच्या वर खर्च आला, म्हणजे गिनेसपेक्षा बराच जास्त. १८८९ साली त्याचा कारखाना डब्लिन डिस्टिलर्स कंपनीत विलीन झाला आणि पुढे बंद पडला. त्या कारखान्याच्या जुन्या पवनचक्कीचा मनोरा गिनेसच्या ब्रुअरीजवळ अजून उभा आहे. फोटोखालचे नाव तेवढे दुरुस्त करून घ्यावे.